फिरकीचे कुलूप : लेथवर कातलेला कोड्याचा करंडा

बंगळूर शहराच्या वायव्येस यशवंतपूर हे उपनगर आहे. रेल्वेचे मोठे स्थानक, धान्याचा घाऊक बाजार आणि लहानमोठे कारखाने यांमुळे ते प्रवाशांना ठाऊक असते. परंतु आपल्या आजच्या विषयाच्या दृष्टीने या भागाचे महत्त्व वेगळेच आहे. येथून हाकेच्या अंतरावर १९०९ साली स्थापन झालेली भारतीय विज्ञान संस्था आहे. मल्लेश्वरमच्या बाजूस लाकडाचे शास्त्र हाच ज्या संस्थेचा विषय आहे ती काष्ठविज्ञान व तंत्रज्ञान संस्था आहे. उत्तरेला थोड्या अंतरावर जळहळ्ळी येथे १९५३ मध्ये हिंदुस्थान मशीन टूल्स हा सरकारी कारखाना उभा राहिला व तो धातुकामाची लेथयंत्रे बनवू लागला. फिरणाऱ्या वस्तूचे गणित, लाकडाचा स्वभाव आणि वस्तू फिरवणारे यंत्र, या तिन्हींचा अभ्यास करणारी माणसे इतक्या जवळजवळ राहत असल्याचे दुसरे उदाहरण आपल्या देशात क्वचितच सापडेल.

मात्र लाकूड फिरवून त्याला आकार देण्याची विद्या या संस्थांहून पुष्कळ जुनी आहे. बंगळूर-म्हैसूर मार्गावर, बंगळूरपासून सुमारे साठ किलोमीटरवर चन्नपट्टण हे गाव लागते. तेथील रंगीत खेळणी, भोवरे, कुंकवाचे करंडे आणि बांगड्या सर्वत्र प्रसिद्ध आहेत. टिपू सुलतानाने इराणी कारागीर बोलावून ही कला येथे रुजविली, असे परंपरा सांगते. महाराष्ट्रात हाच मान सावंतवाडीला आहे. तेथील लाखकाम आणि गंजिफा लोपण्याच्या बेतात असताना, १९७१ च्या सुमारास शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागिरांना जागा देऊन हा व्यवसाय पुन्हा उभा केला. चन्नपट्टण व सावंतवाडी यांच्यामध्ये सह्याद्री आहे, भाषा वेगळी आहे, लाकूडही बव्हंशी वेगळे आहे. लाखेचा लखलखाट मात्र एकच.

येथे शब्दांविषयी थोडे सांगितले पाहिजे. लाकूड फिरवून त्याला आकार देण्याच्या क्रियेला मराठीत ‘कातणे’ म्हणतात आणि ते काम करणारा तो ‘कातारी’. सूत कातणे आणि लाकूड कातणे यांना भाषेने एकच क्रियापद दिले, कारण दोन्हींत मूळ गोष्ट फिरणे हीच आहे. रेखीव नाकाला किंवा चेहऱ्याला आपण ‘कातीव’ म्हणतो, तेव्हा नकळत कातारी समाजाच्या हस्तकौशल्याचाच गौरव करीत असतो. यंत्राला मात्र आता खेड्यातसुद्धा ‘लेथ’ म्हणतात; तेव्हा या प्रकरणातही यंत्र ते लेथ आणि काम ते कातकाम, असाच व्यवहार ठेवला आहे.

या प्रकरणात आपण लेथवर एक करंडा तयार करणार आहोत. दिसण्यात तो कुंकवाच्या करंड्यासारखाच असेल. फरक एवढाच की त्याला कुलूप असेल. पण किल्ली नसेल, कडी नसेल, कळ नसेल. झाकण फिरवू लागलो तर ते गोल गोल फिरत राहील. ओढू लागलो तर येणार नाही. करंडा उलटा केला, आडवा केला, हलविला तरी उघडणार नाही. तो सपाट मेजावर ठेवून भोवऱ्यासारखा एक गिरका दिला आणि थांबल्यावर झाकण सरळ वर उचलले, तर मात्र ते अलगद हातात येईल.

अशा कोड्याच्या पेट्या जगात अनेक ठिकाणी बनतात. जपानमधील हाकोने भागातील पेट्या फळ्या सरकवून उघडतात. पण त्या चौकोनी असतात व त्यांत लेथला फारसे काम नसते. प्रोफेसर हॉफमन या टोपणनावाने लिहिणाऱ्या इंग्रज लेखकाने १८९३ साली कोड्यांवर एक मोठे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात लाकडी कोड्यांनाही स्थान आहे. आपल्याला येथे जो प्रकार हवा आहे तो नखशिखांत लेथचा आहे: तो लेथवर बनतो आणि उघडतोही लेथच्याच तत्त्वावर, म्हणजे फिरविल्याने.

प्रथम यंत्रणा समजून घेऊ. हत्याराला हात नंतर लावावा. करंड्याचे दोन भाग असतात, खालचे भांडे आणि वरचे झाकण. झाकणाच्या खालच्या अंगाला एक भरीव गोल कुसू असतो व तो भांड्याच्या तोंडात उतरतो. या कुसवाभोवती एक वर्तुळाकार खाच कातलेली असते. भांड्याच्या जाड भिंतीत, त्या खाचेच्या पातळीवर, तीन आडवी भोके असतात व प्रत्येकात पितळेची एक लहान खिट्टी सैल बसविलेली असते. खिट्टीचे टोक भिंतीतून आत डोकावून कुसवाच्या खाचेत शिरले की झाकण अडकले. खिट्टी मागे, म्हणजे भिंतीत सरकली की झाकण मोकळे.

आता करंडा एका बाजूस कलता केला, तर काय होईल? जी खिट्टी वरच्या अंगाला आली ती उतारावरून केंद्राकडे घसरेल, म्हणजे खाचेत शिरेल. खालच्या अंगाची खिट्टी केंद्रापासून दूर घसरेल, म्हणजे मोकळी होईल. तीन खिट्ट्या वर्तुळावर समान अंतराने बसविल्या असतील, तर कोणत्याही दिशेस करंडा कलता करा, निदान एक खिट्टी वरच्या अंगालाच राहणार आणि झाकणाला धरून ठेवणार. उघडू पाहणारा जितका जोराने करंडा उलटसुलट करील तितके कुलूप त्याची थट्टा करील. तिन्ही खिट्ट्या एकाच वेळी केंद्रापासून दूर जाव्यात असा एकच उपाय आहे, तो म्हणजे करंडा त्याच्या आसाभोवती फिरविणे. मग केंद्रोत्सारी प्रेरणेने तिघीही बाहेर फेकल्या जातात. फिरणे मंदावते तेव्हा त्यांना आत ओढणारे काहीच नसते. मेज सपाट असेल तर घर्षणामुळे त्या जेथे गेल्या तेथेच बसून राहतात. म्हणून थांबलेल्या करंड्याचे झाकणही निघते. मात्र तो उचलून कलता केला की कुलूप पुन्हा लागले.

किती वेगाने फिरवावे लागेल, याचा हिशेब शाळेतल्या गणिताने होतो. खिट्टी हलण्यासाठी कोनीय वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या ही राशी, घर्षणगुणांक गुणिले गुरुत्वीय त्वरण या राशीहून मोठी व्हावी लागते. खिट्टीचा गुरुत्वमध्य आसापासून २८ मिलिमीटरवर आहे आणि पितळ व लाकूड यांचा घर्षणगुणांक ०.३ आहे असे धरू. ०.३ गुणिले ९.८ म्हणजे २.९४, त्याला ०.०२८ ने भागले की १०५; त्याचे वर्गमूळ सुमारे १०.२. म्हणजे सेकंदाला १०.२ रेडियन, अर्थात साधारण १.६ फेरे. बोटांनी दिलेल्या एका गिरक्यात एवढा वेग सहज येतो. खिट्टी एकदा हलली की तिची त्रिज्या वाढते, त्रिज्येबरोबर प्रेरणाही वाढते, म्हणून ती वाटेत रेंगाळत नाही. थेट शेवटास जाऊन टेकते. कान देऊन ऐकणाऱ्यास ‘टक्’ असा बारीक आवाज येतो.

या हिशेबात खिट्टीचे वजन कोठेच आले नाही, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. जड खिट्टीला जास्त प्रेरणा मिळते, पण तिचे घर्षणही त्याच प्रमाणात वाढते. दोन्ही एकमेकांना छेदून जातात. मग बांबूच्या काडीची खिट्टी का नको? कारण भोकात लाकडाचा भुगा राहतो, हवेतील ओल चिकटते आणि हा चिकटपणा वजनाच्या प्रमाणात नसतो. हलकी काडी त्याला बळी पडते, जड पितळ पडत नाही. लोखंड घेऊ नये. ते गंजते आणि शिवाय एखाद्या चतुर मुलाने चुंबक आणला तर कोड्याचे रहस्य दोन मिनिटांत बाहेर पडते.

आता मापे. करंड्याचा बाहेरचा व्यास ८० मि. मी., तोंडाचा आतला व्यास ४८ मि. मी.; म्हणजे भिंत १६ मि. मी. जाड. एवढी जाड भिंत नवशिक्याला ओबडधोबड वाटेल. परंतु सगळी यंत्रणा तिच्याच पोटात लपवायची आहे. तोंडाखाली आतील पोकळी रुंद करून भिंत पातळ करता येते, पण काठापासून पहिले २० मि. मी. तरी तिला हात लावू नये. खिट्टी दोन जाडींची असते. तिचे डोके ६ मि. मी. व्यासाचे व ४ मि. मी. लांब, पुढचे नाक ३ मि. मी. व्यासाचे व ७ मि. मी. लांब. भोकही त्याप्रमाणे दुहेरी: बाहेरून १२ मि. मी. खोलीपर्यंत ६.२ मि. मी. व्यासाचे, आणि उरलेल्या ४ मि. मी. भिंतीतून ३.२ मि. मी. व्यासाचे. अशा रीतीने आतल्या बाजूस एक खांदा तयार होतो व खिट्टीचे डोके त्याला अडते. नाहीतर करंडा उघडताच तिन्ही खिट्ट्या आत पडून हरवतील. डोके खांद्याला टेकले की नाक तोंडाच्या आत ३ मि. मी. डोकावते. बाहेरून प्रत्येक भोकात ४ मि. मी. लांबीचे लाकडी बूच बसवायचे. १२ मि. मी. पैकी ४ बुचाचे आणि ४ डोक्याचे. उरलेले ४ मि. मी. खिट्टीला मागेपुढे हलण्यास मोकळे राहतात. तिला ३ च पुरेसे असतात; एक मिलिमीटर हा कारागिराच्या चुकीसाठी.

लाकडाची निवड हे या कामातील सर्वांत नाजूक प्रकरण आहे आणि त्यावर थोडे थांबणे इष्ट होईल. चन्नपट्टणचे कारागीर परंपरेने ‘हाले’ नावाचे लाकूड वापरतात. कन्नडमध्ये ‘हालु’ म्हणजे दूध; झाडाला छेद दिला असता पांढरा चीक येतो. आपल्याकडे हे झाड काळा कुडा म्हणून ओळखले जाते. त्याचे लाकूड हस्तिदंतासारखे पांढरट, बारीक पोताचे असते आणि हत्याराखाली सोललेल्या केळीसारखे मऊ निघते. पण झाड लहान चणीचे असल्यामुळे मोठा ठोकळा मिळणे कठीण. करंड्यासाठी ठोकळा घेताना खोडाचा मध्यगाभा त्यात येऊ नये, कारण वाळताना तडा तेथूनच जातो. हालेचा असा ठोकळा न मिळाल्यास शिवणीचे लाकूड घ्यावे. शिवण हवामानाबरोबर फारशी हालत नाही, म्हणून आपले जुने सुतार तिला मान देत.

लाकूड हवामानाबरोबर हालते म्हणजे नेमके काय होते? लाकूड हवेतील ओल घेते आणि फुगते, ओल सोडते आणि आकसते. त्याच्या लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. आडव्या दिशेने मात्र पडतो, आणि तोही सारखा नव्हे. वाढीच्या वलयांना समांतर दिशेने तो जितका पडतो, त्याच्या सुमारे निम्मा वलयांना छेदणाऱ्या दिशेने पडतो. म्हणून ओल्या लाकडातून कातलेले गोल भांडे वाळल्यावर लंबगोल होते. सर्वसाधारण लाकडात ओलीचे प्रमाण सहा टक्क्यांनी वाढले, तर एका दिशेने सुमारे दीड टक्का आणि दुसऱ्या दिशेने पाऊण टक्का फुगवटा येतो. आपल्या ४८ मि. मी. तोंडाच्या बाबतीत हा फरक एका अंगाने पाऊण मिलिमीटर व दुसऱ्या अंगाने त्याच्या निम्मा ठरतो.

एवढ्याशा फरकाची चिंता कशाला, असे कोणी म्हणेल. बंगळूरच्या मार्च महिन्यातील कोरड्या हवेत केलेला करंडा कोकणात कोणाला भेट म्हणून पाठविला आणि तो आषाढात सावंतवाडीच्या घरी पोहोचला, अशी कल्पना करा. झाकण आणि भांडे एकाच ठोकळ्यातील असल्यामुळे दोन्ही सारखीच फुगतील हे खरे. पण आपले झाकण मोकळे फिरणारे आहे. ते चतकोर फिरले की झाकणाची फुगीर बाजू तोंडाच्या अरुंद बाजूसमोर येते, आणि दोन्हींतला फरक, म्हणजे सुमारे ०.३६ मि. मी., आडवा येतो. म्हणून कुसवाचा व्यास तोंडाहून ०.४ मि. मी. ने कमी, अर्थात ४७.६ मि. मी. ठेवावा. याहून घट्ट केला तर पावसाळ्यात करंडा कायमचा मिटेल. कातारी मंडळींना झाकण असे सैल सोडणे जिवावर येते. चांगल्या करंड्याचे झाकण ओढताना हवा खेचल्याचा हलका आवाज यावा, हा त्यांच्या कसबाचा दाखला असतो. रशियन मात्र्योश्का बाहुलीची सगळी मौज तर या घट्ट सांध्यातच आहे. ती एकाच लाकडातून आणि सर्वांत लहान बाहुली आधी, अशा क्रमाने कातली जाते. आपल्याला येथे तो अभिमान सोडावा लागतो.

फुगवट्यावर खरा उपाय म्हणजे धीर. ठोकळा प्रथम ओबडधोबड कातावा, पोकळी अर्धवट काढावी, सर्व बाजूंनी पाचसहा मि. मी. जास्त जाडी ठेवावी आणि तो सावलीत, वारा लागेल पण झोत लागणार नाही अशा जागी काही महिने वाळू द्यावा. दर आठवड्याला वजन करावे. वजन उतरणे थांबले म्हणजे लाकडाची आणि तेथील हवेची तडजोड झाली असे समजावे. त्यानंतरच अखेरचे कातकाम.

कातकामाच्या सामान्य कृती मागील प्रकरणांत आल्या आहेत, त्यांची पुनरुक्ती नको. एवढे लक्षात असू द्यावे की सैल बाही, पदर, उपरणे, बांगड्या व अंगठ्या यांना लेथजवळ स्थान नाही. हत्याराचा टेकू हलविण्यापूर्वी लेथ थांबवावा. आणि डोळ्यांवर चष्मा, नाकावर फडके बांधल्याशिवाय पॉलिश कागद लावू नये. ठोकळा चकात धरून झाकण वेगळे कापण्यापूर्वी त्याच्या अंगावर पेन्सिलीने एक उभी रेघ काढावी, म्हणजे दोन्ही भागांच्या वलयांची दिशा पुढे जुळविता येते.

भांड्याचे तोंड आधी पुरे करावे आणि त्यावरून कुसवाचे माप घ्यावे. उलट करू नये. बाहेरून भरणारा भाग कमी करणे सोपे, आतले भोक लहान करणे अशक्य. कुसवाची लांबी १८ मि. मी. ठेवावी. त्याच्या मुळापासून ८ मि. मी. वर खाचेचा मध्य यावा. खाच ४.५ मि. मी. रुंद व ४ मि. मी. खोल. खाचेखाली उरलेला लाकडाचा ओठ ७ मि. मी. हून कमी असू नये, आणि याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. लाकडाचे धागे करंड्याच्या आसाला समांतर धावतात. झाकण जोराने ओढले असता खिट्टी या ओठावर अडते आणि ओठ धाग्यांच्या दिशेने सोलवटू पाहतो. लाकडाची ही बाजू दुबळी असते. कित्येकदा एकच खिट्टी खाचेत असते व सगळा ताण तिच्यावर येतो. पातळ ओठाचा करंडा पहिल्याच हट्टी पाहुण्याच्या हातून ‘उघडला’ जातो, आणि मग तो कोडे राहत नाही.

खाचेची ओठाकडील बाजू अगदी काटकोनात हवी. ती तिरकी राहिली तर झाकण ओढताच खिट्टी मागे ढकलली जाईल. कुसवाची तळाची कड मात्र पंचेचाळीस अंशांत, साडेतीन मि. मी. पर्यंत उतरती करावी. झाकण घालताना हाच उतार खिट्ट्यांना आपोआप भिंतीत लोटतो. ओठाची एक बाजू उतरती आणि दुसरी उभी. दार नुसते ढकलल्याने लागते पण ओढल्याने उघडत नाही, त्या चापाच्या कुलपातही हीच युक्ती असते. खिट्टीच्या नाकाचे टोक कानशीने जरासे, अर्धा मि. मी. एवढेच, गोल करावे.

भिंतीतील भोकांसाठी वर्तुळाचे तीन समान भाग करावे लागतात. त्याला कोनमापक नको. करंड्याच्या बाहेरील वर्तुळाच्या त्रिज्येएवढा, म्हणजे ४० मि. मी., कंपास उघडून काठावर खुणा करीत गेल्यास नेमक्या सहा खुणा होतात. एकाआड एक खुणा घेतल्या की तीन भाग झाले. काठापासून ८ मि. मी. खाली सर्व खुणा आणाव्यात. इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची खाच असलेल्या लाकडी ठोकळ्यावर करंडा आडवा ठेवावा, म्हणजे तो लोळत नाही आणि भोक सरळ केंद्राकडे जाते. मोठे भोक आधी, ड्रिलवर खोलीची खूण बांधून. मग त्याच्याच मध्यातून लहान. क्रम उलटा केला तर दोन्ही भोकांचे मध्य जुळत नाहीत आणि खिट्टी तिरपी होऊन अडकते. सपाट तोंडाचे ड्रिल मिळाल्यास उत्तम. भोकातील भुगा फुंकून, मग बारीक सळईभोवती गुंडाळलेल्या पॉलिश कागदाने आतली कूस काढून टाकावी. तेल मुळीच लावू नये. तेलात धूळ बसते आणि वर्षभरात त्याचे खळ होते.

आता सर्वांत जोखमीची पायरी. बुचे एकदा कायमची बसविली की आत काय चालले आहे ते पुन्हा दिसणार नाही. म्हणून प्रथम खिट्ट्या घालून भोके मेणाने तात्पुरती बुजवावीत आणि करंड्याची परीक्षा घ्यावी. झाकण लावून करंडा चहूकडे कलता करावा. प्रत्येक स्थितीत झाकण धरले गेले पाहिजे. नंतर गिरका द्यावा. प्रत्येक वेळी उघडले पाहिजे. दहा वेळांपैकी नऊ वेळा उघडणारा करंडा नापास समजावा. बहुधा एखाद्या भोकात कूस राहिलेली असते किंवा खिट्टीच्या खांद्यावर पितळेची धार असते. घर्षण दुप्पट झाले तर लागणारा वेग सुमारे १.४ पट, म्हणजे सेकंदाला २.३ फेरे होतो. तेव्हा जोराने फिरविल्यावर उघडतो आणि हळू फिरविल्यावर नाही, असे आढळले तर दोष घर्षणाचाच आहे हे ओळखावे. गिरका देताना भांड्याला धरावे, झाकणाला नव्हे. झाकण एकटेच फिरून जाते. भांड्याचा तळ मध्यभागी अगदी किंचित फुगीर ठेवला, तर तो भोवऱ्यासारखा सहज फिरतो आणि तरीही स्थिर उभा राहतो.

परीक्षा उतरल्यावर मेण काढून लाकडी बुचे बसवावीत. ती त्याच ठोकळ्याच्या तुकड्यातून अशी कापावीत की बुचाचे धागे भिंतीच्या धाग्यांशी जुळतील. सरस किंवा हल्ली मिळणारे पांढरे डिंकद्रव्य वापरण्याचा मोह होतो. परंतु त्याचा एक थेंब आत ओघळला तर खिट्टी जन्माची चिकटते. आणि झाकण लावलेले असताना ती चिकटली, तर आतली वस्तू काढण्यासाठी करंडा फोडण्यावाचून गत्यंतर नाही. यापेक्षा लाख बरी. बुचाच्या बाहेरील अर्ध्या भागालाच गरम लाखेचे बोट लावून ते दाबावे. लाख थंड होताच घट्ट धरते. आणि पुढेमागे दुरुस्तीची वेळ आलीच, तर गरम सळईचे टोक बुचावर टेकवून ते सोडविता येते.

लाखेची दुसरी कामगिरी बुचे लपविण्याची. लाख हे पळस, बोर, कुसुंब अशा झाडांवर वाढणाऱ्या एका बारीक किड्याने स्रवलेले राळेसारखे द्रव्य आहे. तिच्या अभ्यासासाठी रांचीजवळ नामकुम येथे १९२४ पासून संस्था काम करीत आहे. लाख तापवून, मळून, तीत हळद, नीळ असे रंग मिसळून तिच्या कांड्या करतात. करंडा लेथवर फिरत असताना कांडी त्यावर दाबली की घर्षणाने उष्णता निर्माण होते, सत्तर-ऐंशी अंशांच्या सुमारास लाख मऊ होते आणि लाकडावर पसरते. मग केवड्याच्या जातीच्या पानाचा तुकडा तिच्यावर घट्ट धरतात. त्याने थर सारखा होतो व काचेसारखी चमक येते. ब्रश नाही, वाळण्याची वाट पाहणे नाही. खिट्ट्यांच्या पातळीवर गडद रंगाचा एक पट्टा घ्यावा. तीन बुचे त्याखाली अशी नाहीशी होतात की करणाऱ्यालाही पुन्हा सापडू नयेत. म्हणून त्यांची जागा करंड्याच्या तळाशी, आपल्यालाच समजेल अशा लहान टिंबाने नोंदवून ठेवावी.

लाखेचा थर ओलीला अडवितो. पण बाहेरून लाख आणि आतून कोरे लाकूड असा करंडा एकाच बाजूने ओल घेतो व वाकडा होतो. आतील पोकळीला आणि कुसवाच्या तळालाही स्पिरिटमध्ये विरघळविलेल्या लाखेचा पातळ हात द्यावा. तोंडाची आतली भिंत आणि खाच मात्र कोरी ठेवावी, तेथे थराची जाडीही महाग पडते.

हे कुलूप चोरासाठी नाही, हे उघड आहे. ज्याला वस्तू हवी तो करंडा घेऊनच जाईल. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती तो देऊ नये, कारण करंडा फुटल्यास आतल्या खिट्ट्या गिळण्याजोग्या लहान आहेत. पण कारागिराच्या दृष्टीने याचे मोल निराळे आहे. साधा भोवरा किंवा साधा करंडा यांना आता यंत्रावर हजारांनी निघणाऱ्या प्लास्टिकच्या वस्तूंशी सामना द्यावा लागतो, आणि त्या सामन्यात किमतीवर जिंकणे कातारी माणसाला शक्य नाही. दोन दशांश मिलिमीटरचा विचार करून केलेला सांधा, जुळविलेले धागे, लाखेखाली हरवलेले बूच, या गोष्टी साच्यातून निघत नाहीत. चन्नपट्टण आणि सावंतवाडी येथील तरुण कारागिरांनी असे एकदोन नमुने हाती घेतले, तर त्यांच्या दिवसाच्या श्रमाला भोवऱ्यापेक्षा चांगली किंमत येईल, असे प्रस्तुत अनुवादकास वाटते. लेथ आणि लाख त्यांच्याजवळ आहेच. नवे काय ते पितळेच्या तीन खिट्ट्या.

करंडा ग्राहकाला देताना त्याच्याबरोबर उघडण्याची कृती लिहिलेला कागद द्यावा, मात्र बंद पाकिटात. त्याच कागदावर आणखी दोन ओळी लिहाव्यात: पावसाळ्यात झाकण जड वाटू लागले, तर ओढाताण न करता करंडा चारआठ दिवस धान्याच्या कोरड्या डब्यात ठेवावा, आणि उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नये, कारण लाख सुटते.